शैलाताई निवडणुकीला का उभी राहतेय, ते आज कळलं

मंडळी, शैलाताई येत्या विधानसभेला उभी राहतेय हे ऐकून मी चांगलीच चिडले होते. तिची संस्था उन्हाळ्यात पनवेलजवळच्या आदिवासी वाड्यांवर पाण्याचे टँकर पाठवते. इतकं छान काम सोडून राजकारणात कशाला तडमडायचं? आज तिच्याबरोबर वाडीवर गेले, ते तिला हेच सुनावायला.

पोचलो तर टँकर आलेलाच नाही. वाटेत बंद पडला होता म्हणे. बायका पहाटेपासून हंडे मांडून बसलेल्या. टँकर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं, आता शैलाताईची काही खैर नाही.

एक म्हातारी उठून आमच्याजवळ आली. "ताय, तुमी आमच्यापायी उनात आले. आदी चा घ्या." बाकीच्या बायकांनी हात जोडले.

शैलाताईचा चेहराच उतरला. परतताना रिक्षात म्हणाली, "बघितलंस? पाण्याला दुपार झाली, पण एकीनेही मला झापलं नाही. मी उपकार करतेय ना! उपकार करणाऱ्याशी कोण भांडणार? उद्या आमदार झाले तर याच बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात बसतील. बसायलाच हव्यात."

सुनावायला गेलेली मीच ऐकून आले.

माझं मत तिलाच. आणि निवडून येऊनही वाडीवर नळ आला नाही, तर तिच्या दारात हंडा घेऊन मीही बसणार आहे. सोबत कोण कोण येताय?