पांढरं पडलेलं पान

शेजारच्या टेबलावर वृंदा क्लायंटच्या वेबसाइटमध्ये सॅस नावाची रंगरूपाची नवी पद्धत बसवत होती. म्हणजे सगळे रंग, सगळी मापं नावं देऊन एकाच फाइलीत ठेवायची. तिथं निळ्याचा हिरवा केला की झाडून सगळी पानं हिरवी. क्लायंट खाली रिसेप्शनला येऊन बसला होता आणि पडद्यावर पान पांढरंफटक, नुसती अक्षरं एकाखाली एक.

"कुणी बोलू नका आता," वृंदा म्हणाली.

माझी त्या पानावरून नजर हटेना. सगळं एका जागी ठेवलं की सोय होते खरी, पण ती जागाच सापडेनाशी झाली तर? परवा आईला दवाखान्यात ठेवलं आणि हिंग कुठल्या डब्यात, बाबांची गोळी जेवणाआधी की नंतर, घरात कुणालाच सांगता येईना. भिंती जागच्या जागी होत्या, पण घर असंच पांढरं पडलं होतं.

"अगं, फाइलीचं नाव बदललं, पण तिला बोलावणाऱ्या ओळीत जुनंच राहिलंय!" वृंदानं ती ओळ सुधारली. पानभर निळा रंग पसरला आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

माझा अडकलेलाच होता. आईचा रिपोर्ट आणायला गेलेल्या दादाचा फोन अजून आला नव्हता.