पोपटशेटचा नदीकट्टा

घ्या, आधी चहा घ्या. माझा घोळ तुम्ही बाहेर ऐकणारच आहात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. माझं नाव पोपटशेट. नाव ठेवताना वडिलांना पुढचं सगळं दिसलं असावं!

पेठेत आमचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले. आम्हाला आता स्वप्नंसुद्धा मराठीत पडतात. पेठ कशी गजबजलेली असायची! मग बायपास झाला, गाड्या परस्पर जायला लागल्या आणि आम्ही माश्या मारत बसलो. शेजारची तीन दुकानं बंद पडली. चौथं माझं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

पेठेमागं घोड नदीचं वळण आहे. वर उंच दरड, खाली पाणी, समोर डोंगर. असलं बघायला लोक घाट चढून जातात, आणि आम्ही तिथं कचरा टाकत होतो! म्हटलं, इथं झकास कट्टा करायचा. लोक नदी बघायला येतील आणि जाता जाता पेठेत वळतील.

एकदा डोक्यात शिरलं की मी कुणाचं ऐकतो होय? दुकानाचं शटर ओढलं, चार गडी घेतले आणि दहा दिवस राबलो. वेड्या बाभळी तोडल्या. कठडा झाला, फरशी झाली, बाकडी आली. हाताला फोड आले, पण हटलो नाही.

राहिलं उद्घाटन. फ्लेक्सवाल्याला म्हटलं, "मजकूर मी सांगतो, तू नुसता छाप."

मध्यभागी माझा मोठा फोटो. भोवती झेंडूची फुलं. शुभ म्हणून खाली समई. आणि मजकूर: ‘पोपटशेट यांची एकच इच्छा, आपली पेठ पुन्हा गजबजावी! शुक्रवारी सकाळी आठ वाजता घोड नदीकाठी सर्वांनी उपस्थित राहावे, ही नम्र विनंती. समस्त पेठकर.’

फ्लेक्सवाला घुटमळला. "शेट, ह्यात जरासं..."

"एक अक्षर बदलायचं नाही!"

बायको फ्लेक्सकडं बघून म्हणाली, "हार तेवढा राहिला."

मला वाटलं, कौतुक करतेय!

राजुरीपासून डिंभ्यापर्यंत फ्लेक्स लागले. शुक्रवारी सातपासूनच गर्दी! पिंपळवंडीचे दोन टेम्पो, डिंभ्याच्या जीपा. टोप्या घातलेली माणसं, नदीकडं तोंड करून गप्प बसलेली. पेठेतल्यांना खरं काय ते माहीत होतं, पण ते आठच्या कार्यक्रमाला साडेनवाला येतात. मी मांडवामागं भजी तळून घेत होतो. डोळे भरून आले हो! काय ही शिस्त! काय हे निसर्गप्रेम!

तेवढ्यात माइकवर आवाज आला. डिंभ्याचे बबनराव, आमचं जुनं गिऱ्हाईक.

"शेट लई मोठ्या मनाचा माणूस व्हता! त्यांच्यात दहावं करत न्हाईत, तरीबी आपल्यासाठी ठेवलं!"

व्हता? दहावं? माझ्या हातातला झारा पडला. दहा दिवस शटर बंद, फुलांत फोटो, समई, सकाळची वेळ, नदीकाठ. अरे देवा!

बबनराव रडवेले झाले होते. "आमच्या तिन्ही पोरींचा बस्ता शेटनीच बांधला. आता, कापड कायम चार बोटं कमी फाडायचे. पण जाऊ द्या, गेलेल्या माणसाला नावं ठिवू नयेत."

"कोण म्हणतं चार बोटं कमी?" भज्यांच्या ताटासकट मी मांडवामागून बाहेर!

एक बाई किंचाळली. बबनरावांचा माइक सुटला. "शेट, तुमी जित्ते?"

"जिवंत आहे! हे उद्घाटन आहे, राव!"

"मंग आमचा कामाचा खाडा कशापायी केला?"

झालं! लोक चिडून उठले, टेम्पो चालू झाले. एवढी माणसं आली, आणि पेठेत पाऊल न टाकता निघाली! पण मी हटतोय होय? ताट कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून आडवा उभा राहिलो.

तेवढ्यात समोर उरलेल्या एका बाभळीवर कावळा येऊन बसला. त्यानं ताटाकडं बघितलं आणि सगळी गर्दी जागच्या जागी थांबली. नदीकाठी कावळा ताटाकडं बघतोय म्हटल्यावर तो शिवल्याशिवाय आमच्याकडं कुणी हलत नाही. सवयच ती!

कावळा काही शिवेना.

एक म्हातारी म्हणाली, "इच्छा ऱ्हायलीया शेटची."

"आगं मावशे, ते जित्ते हायेत!"

"मंग जित्त्याला इच्छा नसती व्हय?"

बबनरावांनी फ्लेक्सवरची माझी इच्छा पुन्हा वाचली. टोपी सारखी केली आणि कावळ्यासमोर हात जोडले. "दर रविवारी पेठंत येऊ आमी! काळजी करू नका, शेट!"

कावळा झेपावला आणि भजं घेऊन गेला.

कावळ्याला दिलेला शब्द, तो मोडणार कोण? रविवारी आता पेठेत पाय ठेवायला जागा नसते. परवा तर पुण्याची गाडी दुकानापुढं थांबली.

"काका, ते कैलासवासी पोपटशेट पॉइंट कुठंय?"

"सरळ जा," मी म्हटलं, "आणि येताना आत या. शर्टाचं कापड नवीन आलंय."

आली की मंडळी! आता प्रत्येकाला मी चार बोटं जास्तच फाडून देतो. न जाणो, खरोखरची वेळ येईल तेव्हाही माइक बबनरावांकडंच असायचा!