बारा ओळींची अक्का

निषाद, ओवी,

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर निषादने मला त्याचा शाळेचा प्रोग्राम दाखवला. "आजी, एकेक मेथड हाताने लिहायची नाही. नावांची यादी दिली की प्रोग्राम स्वतःच मेथड तयार करतो. लग्नपत्रिकेसारखं. चौकट तीच, नावं बदलायची." मी विचारलं, हे लग्नपत्रिकेचं तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, "आईने." डब्लिनमध्ये वाढलेल्या मुलाने लग्नपत्रिका छापताना कधी पाहिलेली नाही. त्याच्या आईचंही ते वाक्य नाही. ज्या बाईचं ते आहे, तिचा मी सोळा वर्षं हेवा केला. तुम्हाला तिची ओळख करून द्यायची तर ती मीच द्यायला हवी. तुमची आई देईल ती फार गोड असेल.

माझ्या ऑफिसातली शांताक्का कुठलीही गोष्ट दोनदा लिहीत नसे. रजेचा अर्जसुद्धा तिने नोकरीला लागली तेव्हा एकदाच लिहिला होता, तारखेची आणि कारणाची जागा सोडून. तोच वर्षानुवर्षं वापरला. "दोनदा लिहायला लागलं मॅडम, तर समजायचं आपण विचार केला नाही," असं ती म्हणे. मी तेव्हा हिरव्या शाईने मथळे आणि निळ्याने मजकूर लिहून माझी वही दुसऱ्यांदा सुवाच्य उतरवून काढत असे. ती मुद्दाम मला बोलत नव्हती. मुद्दाम बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमचं ऑफिस बंगळुरूच्या टोकाला, बोम्मसंद्र्यात होतं, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. आता तिथवर मेट्रो जाते. आम्ही कंपनीच्या बसने जायचो. आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांची दरवर्षी आरोग्यतपासणी होते, तिचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. मी पुण्याची, इंग्रजी शाळेतली, गणिताची पदवी घेतलेली, लग्न होऊन बंगळुरूला आलेली. ती इथल्याच जुन्या बाजारपेठेतली, चिकपेटची. तिचे पूर्वज इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आले होते की घरात मराठी टिकली होती हेच नवल. तिच्या प्रत्येक वाक्यात एक तरी कानडी 'स्वल्प', म्हणजे जरा, आणि एक तरी 'सरी', म्हणजे बरं, असायचं. माझ्या कानाला ते खटकायचं. पण बसचा ड्रायव्हर, कँटीनची बाई, फाटकावरचा पहारेकरी, सगळे तिला 'अक्का' म्हणत. मला 'मॅडम' म्हणत. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी होते.

तिच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, चिकपेटच्या एका बोळात लग्नपत्रिकांचा छापखाना होता. तिच्या सगळ्या गोष्टी तिथून सुरू होत. जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती गर्दी असे, आणि माझा डबा नीटनेटका असूनही कुणी त्यात डोकावत नसे. एकदा तिने सांगितलं, की एका गिऱ्हाइकाने मजकुराच्या कागदावर वराच्या आजोबांसमोरची जागा रिकामी सोडली होती. 'हयात आहेत का' हे तिथे भरायचं असायचं. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, काही लिहिलं नाही म्हणजे नसतील, आणि त्याने नावामागे 'कै.' जुळवून टाकलं. पत्रिका वाटून झाल्यावर आजोबा स्वतः काठी टेकत दुकानात आले. "अण्णा, माझ्या नातवाच्या लग्नाला मी येऊ की नको, तेवढं सांगा!"

सगळे हसून हसून टेबलावर आडवे झाले. अक्का मात्र शेवटी गंभीर झाली. "अण्णांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. आणि भिंतीवर पाटी लावली, रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे, रिकामं म्हणजे विचारायचं राहिलंय." ही पाटी लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता प्रोग्रामचं सांगते. निषादला सोपं जाईल, ओवीने त्याला विचारावं. रुबी नावाच्या भाषेत आम्ही काम करत होतो. तिच्यात प्रत्येक कामगार म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याला प्रश्न विचारायचा आणि त्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. मधुमेह? चक्कर येते? फिट येते? असा एकेक प्रश्न म्हणजे एक मेथड, आणि या भाषेत तिच्या नावाला शेवटी चक्क प्रश्नचिन्ह लावता येतं, ते मला फार आवडायचं. आमच्या तपासणीत असे एकशे अठरा प्रश्न होते. मी एकशे अठरा मेथड हाताने लिहिल्या. प्रत्येकीच्या चार ओळी. अक्षरानुक्रमे. समास सारखे. तीन आठवडे लागले, आणि मला त्या पानांकडे बघून रांगोळी पुरी झाल्यासारखं वाटलं होतं.

शांताक्काने ते पाहिलं, "सरी, बघते," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ओळी घेऊन आली. वर एकशे अठरा नावांची यादी, खाली बारा ओळी. त्या ओळी यादीतलं एकेक नाव उचलत आणि त्याची प्रश्नचिन्हवाली मेथड जागच्या जागी तयार करत. मेथड कुठे लिहिलेलीच नाही, पण विचारलं की उत्तर येतं. "लग्नपत्रिकेसारखं आहे हो," ती सगळ्यांना सांगत होती. "चौकट तीच, नावं बदलायची." आमचा टीम लीड नागपूरचा होता, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान. तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम, मग तुमच्या पावणेपाचशे ओळी काढून टाकू ना?"

"थांबा हो स्वल्प," अक्का म्हणाली. "त्यांनी लिहिल्या म्हणून तर मला यादी मिळाली."

मी हसले आणि म्हटलं, "काढा की." घरी येऊन मी त्या दिवशी कपाटातले सगळे रुमाल पुन्हा इस्त्री केले.

त्याहून वाईट पुढेच होतं. तुमची आई तेव्हा इंजिनिअरिंगला होती आणि प्रोग्रामिंगला कंटाळली होती. मी तिला रोज एक तास शिकवत असे, वेळापत्रक करून. एका शनिवारी अक्काने तिला छापखाना बघायला बोलावलं. त्यानंतर ती दर शनिवारी चिकपेटला जाऊ लागली. हाताला शाई, पिशवीत चिरोटे, आणि तोंडात "शांतामावशी म्हणतात". मी एकदा विचारलं, माझ्याकडे शिकून काय कमी पडत होतं? तुमची आई खरं बोलणारी. "आई, तू चुका दाखवतेस. त्या गंमत दाखवतात."

हे मी अजून विसरलेले नाही. तुमच्या आईला सांगू नका. किंवा सांगा.

आणि मग मला तिची चूक सापडली. कारखान्यात नर्स आधी कागदावर लिहून घेते आणि नंतर कुणीतरी ते संगणकात भरतं, त्यामुळे अधलेमधले प्रश्न रिकामे राहतात. मी तिथे जाऊन पाहिलं होतं, म्हणून माझ्या प्रत्येक मेथडमध्ये एक ओळ होती: उत्तर रिकामं असेल तर थांब. अक्काला वाटलं, पडद्यावरचा फॉर्म एकही प्रश्न रिकामा सुटूच देणार नाही. तिने ती ओळ घेतली नाही. रुबीत रिकाम्या जागेला 'निल' म्हणतात. तुम्ही तिला फक्त हो की नाही एवढंच विचारलंत, तर ती मुकाट 'नाही'च्या बाजूला जाऊन बसते. फिट येते का हे ज्याला कुणी विचारलंच नाही, त्याच्या तपासणीच्या कागदावर छापून येणार होतं, फिट येत नाही. स्वतःच्या वडिलांची पाटी ती विसरली होती, आणि ती मला आठवत होती.

मला किती आनंद झाला, ते लिहायलाही लाज वाटते. मी वहीत त्या दिवसाच्या कामांत लिहिलं: 'रिकामं = नाही होतंय. शांताला सांगणे.' आणि सांगितलं नाही. म्हटलं, उद्या. मला बघायचं होतं की हिची चूक सगळ्यांना दिसते तेव्हा हिचं तोंड कसं होतं. माझी शिस्त अशी, की राहिलेलं काम दुसऱ्या दिवसाच्या पानावर पुन्हा उतरवायचं. दुसऱ्या दिवशी उतरवलं. तिसऱ्या दिवशी उतरवलं. अकरा दिवस, अकरा पानं, हिरवा मथळा आणि निळं अक्षर.

बाराव्या दिवशी एका कारखान्यातून नर्सचा फोन आला. "तुमच्या कागदावर हा वेल्डर उंचीवर काम करायला योग्य म्हणून आलाय. अहो, मागच्या वर्षी हा माझ्यासमोर कँटीनमध्ये फिट येऊन पडला होता. मी ओळखते म्हणून अडवला." तो माणूस शिडीवर चढला नाही. ती नर्स त्या दिवशी रजेवर असती तर चढला असता. मी फोन ठेवला आणि अक्काला सांगितलं.

अक्काला कारण कळायला मिनिटही लागलं नाही. पडद्याकडे बघत ती "अय्यो, अण्णांची पाटी," एवढंच पुटपुटली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमच्या जुन्या मेथडमध्ये ती ओळ होती ना? वहीत असेल. द्या जरा." आणि मी काही बोलायच्या आत तिने टेबलावरची वही उचलली.

ती पानं उलटत गेली. अकरा पानं तिने एकेक करून पाहिली. मी उभी होते. ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिने वही मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

मग ती खुर्चीतून उठली. "बसा. ती ओळ तुम्ही घाला. मला सुचत नाहीये." तिला सुचत नव्हतं, यावर मी आयुष्यात विश्वास ठेवणार नाही. पण मी बसले आणि तेरावी ओळ लिहिली: उत्तर रिकामं असेल तर थांब, कागद छापू नको, काय विचारायचं राहिलंय ते सांग.

संध्याकाळच्या बैठकीत ती उभी राहिली. "चूक माझी. सापडली मॅडमना." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शब्दांत एकही खोटा नव्हता. मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं आणि बोलले नाही. तिचा मोठेपणाही माझ्या डोळ्यांत सलला, इतकी मी तेव्हा बिघडलेली होते. बसमध्ये मात्र मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "अकरा दिवस मला माहीत होतं." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाचलं की मी." मग म्हणाली, "मी तुम्हाला बारा ओळी दाखवल्या, पण यात काही सुटलंय का, असं विचारलं नाही. माझंही विचारायचं राहिलं." उतरताना तिने माझ्या मांडीवर चिरोट्यांची पुडी ठेवली. मी ते खाल्ले. चांगले होते, तेही मला आवडलं नाही.

पुढे अण्णा थकले आणि छापखाना बघायला तिने नोकरी सोडली. निरोपाचं भाषण मी लिहिलं होतं, चार परिच्छेदांचं. ती कानाशी येऊन म्हणाली, "एकदा तरी माझ्याशी मॅडमसारखं नका वागू, शांता म्हणा." वहीत मी तिला शांताच लिहीत असे, तोंडाने मला ते जमलं नाही. भाषणातही 'आपल्या सहकारी' असंच आलं. नंतर आम्ही दिवाळीला फोन करत राहिलो.

गेल्या वर्षी ती गेली. आजारी होती, हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. फोनवर तिचा आवाज बरा वाटला, म्हणून बरी असेल असं धरून चालले. तुमच्या आईला मी कळवलं तेव्हा ती तिकडून इतकी रडली, की माझ्या मनात आलं, माझ्या वेळी ही एवढी रडेल का? बघा, सत्तरीला टेकले तरी जात नाही. छापखान्याच्या जागी आता दिव्यांच्या माळांचं दुकान आहे. मी मुद्दाम जाऊन आले. भिंतीवर पाटी नव्हती.

पण परवा तुमच्याशी बोलून झाल्यावर मी त्या नागपूरच्या लीडला फोन केला. आता त्याचेही केस पिकले आहेत. मी विचारलं, तो प्रोग्राम अजून चालतो का? तो म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं दोनदा नवीन लिहून झालं, पण त्या तुकड्याला कुणी हात लावत नाही. वर अक्कांनी लिहून ठेवलंय ना." काय लिहून ठेवलंय, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने वाचून दाखवलं.

त्या बारा ओळी अजून चालतात. त्यांच्या वर तिने लिहिलं आहे: तेरावी ओळ मॅडमची आहे, काढू नका. ती अजून तिथे आहे.