बराका मोलेल, वय २२, रा. कराड

‘मुले पळवण्याच्या संशयावरून निग्रोला चोप.’ हेडिंग माझ्या स्क्रीनवर होतं आणि तालुका पान छपाईला सुटायला तास राहिला होता.

रिटायर झाले तरी सांगलीच्या एका दैनिकात आठवड्यातून तीन दिवस मी डेस्कवर बसते. बातमीदारानं पाठवलेला कच्चा मजकूर, म्हणजे कॉपी, तपासून पानावर लावायचं आमचं काम. घरी तीन नातवंडं आहेत. त्यांच्यापेक्षा बातमीदार बरे, ओरडलं की निदान ऐकतात.

कॉपी कराडच्या संदीपची होती. आठवडी बाजारात एक छोटी मुलगी आईपासून चुकली. इंजिनिअरिंग शिकणारा एक आफ्रिकन विद्यार्थी तिला कडेवर घेऊन आईला शोधत होता. कुणीतरी ‘पोरं पळवणारा’ म्हणून ओरडलं. मग ‘संतप्त नागरिकांनी यथेच्छ धुलाई केली’. संशय खोटा होता, असं पोलिसांनी आणि खुद्द मुलीच्या आईनं सांगितलं होतं. पण ते शेवटच्या ओळीत. जागा कमी पडली की पहिली उडते ती शेवटचीच ओळ.

मी फोन लावला.

“संदीप, निग्रो हा शब्द पोलिसांनी दिला?”

“न्हाई ताई, लोकं तसंच म्हणत्यात.”

“लोक तुला काय म्हणतात ते छापू का? नाव काय त्याचं?”

“लय अवघड हाय ओ.”

“परवा वेस्ट इंडिजची अख्खी टीम बिनचूक लिहिलीस की. नंबर दे त्याचा.”

खरं तर रागवायचा मला फारसा हक्क नव्हता. पंचविशीत मी स्वतः ‘बाजारात पारधी महिलांना चोप’ असं हेडिंग दिलं होतं. तीन कॉलमात फिट बसलं म्हणून काय मिरवले! कात्रण वहीत चिकटवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. चोरी काही सिद्ध झालेली नव्हती. चोप म्हटलं की मार लागल्यासारखा वाटतच नाही, वाचणाऱ्याला गंमत वाटते. मलाही वाटली होती. त्या बायकांपैकी एकीचंही नाव बातमीत नव्हतं. विचारायचं मला सुचलंच नाही. आजही ती नावं मला माहीत नाहीत.

विद्यार्थ्यासाठी मी इंग्रजी जुळवून ठेवलं होतं. “गुड आफ्टरनून,” म्हटलं.

“बोला मॅडम, मराठी येतंय मला. खानावळीतल्या मावशींनी शिकवलंय.”

नाव बराका मोलेल. मूळचा टांझानियाचा.

“फार लागलंय का?”

“खांदा सुजलाय, बरा हुईल. पण मॅडम, पेपरात पोरं पळवणारा म्हणून आलं तर खोली खाली कर, असं मालक म्हणालेत. फायनल इयर हाय. परीक्षा तोंडावर आलीय.”

“तुमची ओळख काय लिहू?”

“सगळ्यांची लिहिता तशीच लिहा की. नाव, आन् रा. कराड.”

रा. म्हणजे राहणार. आमच्या पानावर मारणाऱ्यालासुद्धा ते मिळतं. चार वर्षं कराडात काढलेल्या या माणसाला तेवढंही दिलं नव्हतं.

संपादक विनय एकेकाळी माझ्या हाताखाली शिकलेला. तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“ताई, चोप बसत होता की छान. लोकांनी वाचलंही असतं.”

“शेवटची ओळ वर घेतली. तीही वाचतील.”

“पण तो आफ्रिकन आहे हे हेडिंगमध्ये नको?”

“दुसऱ्या परिच्छेदात आहे. तुला उद्या कुणी बडवलं तर तुझी जात हेडिंगमध्ये घालू?”

विनयनं घड्याळाकडं बघितलं. “सोडा पान.”

छापून आलं ते असं: ‘चुकलेल्या मुलीला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याला मारहाण, चौघांवर गुन्हा’. मजकुरातल्या ‘संतप्त नागरिकां’चा नुसता ‘जमाव’ झाला.

दुसऱ्या दिवशी बराकाचा फोन आला. मालकांनी स्वतः पेपर आणून दिला होता. ‘निवांत ऱ्हा, अभ्यास कर,’ म्हणाले होते.

“पण मॅडम, वय चुकलंय. मी सव्वीसचा हाय.”

आवाजावरून अंदाजानं मीच बावीस ठोकलं होतं. “दुरुस्ती छापते.”

“नगं नगं! ल्हान पोरगं म्हणून मालकीणबाई दूध पाठवाय लागल्यात.”

दुरुस्ती तरीही छापली. दूध चालू आहे म्हणे. चाळीस वर्षांत मी शिकले ते एवढंच: ज्याची बातमी, त्याला विचारावं. वयसुद्धा.