दत्तोबांनी निवडलेला कॅम

एसटीच्या कंडक्टरनं दवाखान्याच्या दारात येऊन सांगितलं, दत्तोबा मिस्त्री पहाटे गेले. मी एका बाईच्या पायाला पट्टी बांधत होतो. ती पुरी बांधली... मग हात धुवायला मागे गेलो. त्याला आता दीड महिना झाला.

पौडला दवाखाना थाटला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याहून जुनी मोटारसायकल आणली होती आणि ती जोरात पळावी म्हणून एका मित्राकडून शर्यतीच्या गाडीचा कॅम मिळवला होता. इंजिनाचे वाल, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, किती उचलायचे, किती वेळ उघडे ठेवायचे आणि नेमके कधी, हे या लोखंडी दांड्यावरचे उंचवटे ठरवतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. गावात गॅरेज चालवणाऱ्या दत्तोबांनी तो तळहातावर फिरवून पाहिला.

"ह्यो वाल लई वेळ उघडा ठेवतोय, डाक्टर. सपाटीला पळंल. पर चढाला हळू गेलात की घेतलेला दम परत भाईर टाकंल."

मी हट्ट धरला. त्यांनी बसवून दिला.

पुण्याच्या रस्त्यावर गाडी खरंच सुसाट गेली. मग एका दुपारी कोळवणच्या वरच्या वस्तीवरून निरोप आला, सखूबाई बाळंतपणात अडली होती. नर्स सुमतीबाईंना मागे बसवून निघालो. चढणीवर गाडी तीनदा बंद पडली. शेवटी ती तिथंच टाकून आम्ही पायी गेलो. बाई वाचली. मूल नाही... वेळेवर पोचलो असतो तर वाचलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तोबांना सगळं सांगितलं. आपण आधीच बजावलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. हातातला पाना पुसत राहिले आणि मग म्हणाले, "मीच बसवाया नको व्हता. उद्या मला मागं घ्या. चढ दावा."

पुढचा आठवडाभर त्यांनी जुन्या बाजारातून आणलेले तीन कॅम आळीपाळीनं बसवले आणि दर वेळी माझ्या मागे बसून, डोळे मिटून, चढणीवर इंजिन ऐकलं. तिसरा कॅम वाल बेतानं उचलायचा आणि लवकर मिटायचा. त्याचं टायमिंगही त्यांनी किंचित अलीकडे घेतलं. सपाटीवरचा माझा तोरा गेला, पण गाडी पहिल्या गिअरात न कुरकुरता वर चढली.

दोन वर्षांनी सखूबाईकडून पुन्हा निरोप आला. चिखलातून, मागे सुमतीबाई, गाडी एकदाही थांबली नाही. मुलगी झाली. परतताना गॅरेजात सांगितलं, तर दत्तोबांनी चहा मागवला. तो संपल्यावर पुन्हा मागवला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी पार्वतीकाकूंनी मला बोलावलं. गॅरेजच्या भिंतींना चुना द्यायचा होता, पण एक भिंत तशीच ठेवावी का, असं त्यांना विचारायचं होतं. "नवा मिस्त्री येतुया. त्याला वाचाया ऱ्हाऊ दे म्हनते," त्या म्हणाल्या. भिंतीवर पेन्सिलीनं एकेका गाडीच्या कॅमचा आकार रेखाटला होता आणि खाली ती गाडी कोण, कशी चालवतं ते लिहिलं होतं, 'मास्तर. एकटे. सपाट.' 'दूधवाले. चार किटल्या.' मी वाचत कोपऱ्यापर्यंत गेलो... 'डाक्टर. मागं नर्सबाई. घाईत असत्यात.'