मास्तरांच्या इंग्रजीत के कमी पडला

शनिवारी दुपारी इंग्रजी के संपला. त्याचा खण बोटांनी चाचपून पाहिला, तळाशी नुसती धूळ. सोळा पानांचं पुस्तक, आठ जुळवून झालेली, आठ बाकी.

मी चांद्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे असत, एका खिळ्यावर एक अक्षर. ते खणांतून उचलून ओळीत जुळवायचे. शाळा म्हणाल तर चौथी नापास. इंग्रजी वाचता येत नव्हती, पण कोणतं अक्षर कोणत्या खणात, ते बोटांना पाठ. माझ्यासारखा हात चांद्यात नव्हता, हे आजही लिहून देतो.

पुस्तक गावतुरे मास्तरांचं. त्यांचं म्हणणं, जंगलातली पोरं इंग्रजीत अडतात तो दोष स्पेलिंगचा. तोंडातून क निघतो तिथं सरळ के लिहा, सी कशाला पाहिजे? हेडमास्तर विरोधात. दोघं भांडत आमच्या छापखान्यात येऊन.

"बोर्डाच्या पेपरात चालणार आहे का हो तुमचं स्पेलिंग?"

"पोरगं पेपरापर्यंत तं पोचू द्या, सायब! पहिलेच पळून जाते."

एक बोलला की मला तो खरा वाटे. दुसरा बोलला की तो.

सोमवारी इन्स्पेक्टर शाळेत येणार, पुस्तक त्यांना दाखवायचं होतं. मालकांनी बजावलेलं, "सोमवारी पुस्तक नाई, तं तुई नोकरी नाई. गावी चिमूरले जा अन् धान काप."

इंग्रजीच्या संचात के थोडेच येतात. नेहमीच्या इंग्रजीत ते लागतातच कुठे? मास्तरांनी तर प्रत्येक ओळीत के पेरले होते. मालकांना सांगितलं तर म्हणणार, बहाणे करून राह्यला. नाही सांगितलं.

आमच्यात एक रीत आहे. खिळा कमी पडला की त्या जागी दुसरा कोणताही खिळा उलटा, बूड वर करून बसवायचा. जागा धरून ठेवायला; तसाच छापला तर अक्षराऐवजी काळा डाग उठतो. पहिली पानं छापून झाली की त्यांतले खिळे मोकळे होतात, ते मग इथं घालायचे. शेवटची आठ पानं मी तशीच जुळवली, पहिल्या पानांशेजारी मशीनजवळ ठेवली आणि रविवारी सकाळी जेवायला गेलो.

परत आलो तर मशीनवाले गफूरभाई हात पुसत होते.

"झालं बाबू, सारं छापलं."

"शेवटचे पानं बी?"

"तेच पहिले लावले."

"अन् हे काळे डाग नाई दिसले तुम्हाले?"

"दिसले न! मले वाटलं, मास्तरच्या नव्या इंग्रजीतलं नवं अक्षर असन. शाई जास्त देऊन मस्त उठवलं."

कागद संपलेला. रविवारी दुसरा कुठून आणणार?

सोमवारी मालकांनी गठ्ठा माझ्याच डोक्यावर दिला. "चाल शाळेत, आता तूच सांग तिथं."

इन्स्पेक्टरांनी पुस्तक नेमकं मागून उघडलं. वर्गाला म्हणाले, वाचा. पोरांनी घडाघडा म्हटलं, डागांसकट, कुठं अडली नाहीत. मास्तर चार महिने तेच धडे फळ्यावर शिकवत होते.

"पाहा सायब, अक्षर नाई तरी वाचतात!" मास्तर खूश.

"वाचतात कुठं? घोकलेलं म्हणतात," हेडमास्तरही खूशच.

इन्स्पेक्टरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "हे काळं काय आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सायब, के संपला."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "सध्या जुनीच पुस्तकं चालू द्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. मी चिमूरच्या गाडीची वेळ आठवू लागलो. वाटेत मालक म्हणाले, "उद्या लवकर ये. लग्नपत्रिका हाये. दुसरा कंपोझिटर मी आणू कुठून?"

मी म्हटलं होतंच, माझ्यासारखा हात नव्हता.

स्पेलिंग सोपं करावं की नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. एवढं मात्र कळलं की उलटा खिळा बसवला, तर मशीनवाल्याला सांगूनच जेवायला जावं.