खिडकीतला पांढरा हातमोजा

"आमच्या ह्यांची नोकरी काय, तर टाटा करणं," असं मित्सुए चारचौघांत सांगायची आणि योशिहारु नागातोमो मान खाली घालून हसायचा. खोटं काय होतं त्यात? मियाझाकीच्या विमानतळावर तो उतरलेल्या विमानाला शिडी लावायचा, निघणाऱ्या विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढायचा, आणि मग सोबत्यांच्या रांगेत उभा राहून विमान दिसेनासं होईपर्यंत हात हलवायचा. तिथली रीतच तशी. स्वतः मात्र हा पठ्ठ्या एकदाही विमानात चढला नाही.

निवृत्त झाल्यावर तो प्लास्टिकची छोटी विमानं जोडायला लागला. भिंतीवरच्या फळ्या भरल्या, मित्सुएची बडबड वाढली. आणि मग एके दिवशी दुकानात त्याला तेच दोन पंख्यांचं विमान दिसलं. लग्नाआधी मित्सुए ज्यावर हवाईसुंदरी होती, तेच. त्याचं पोट आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं होतं. आतल्या खुर्च्या, पडदे, माणसं, सगळं बाहेरून दिसणार. खोकं छातीशी धरून तो घरी आला आणि बायकोला काही बोलला नाही.

बोलला नाही, कारण एक गोष्ट तो जन्मभर बोलला नव्हता. तरुणपणी एका संध्याकाळी विमान वळत असताना शेपटीकडच्या खिडकीतून एक हात हलला होता. हातावर पांढरा हातमोजा. विमानात पांढरे हातमोजे कोण घालतं? हवाईसुंदरी! आणि त्या विमानावर मित्सुए होती, हे योशिहारुला ठाऊक होतं. सूप मागवतानासुद्धा लाजणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये थेट मित्सुएसमोर जाऊन उभा राहिला. पुढे लग्न, दोन मुलं, नातवंडं. त्या हाताची मात्र तो मनातल्या मनात राखण करत बसला. आता हे विमान पुरं करायचं, त्या खिडकीशी तिची बाहुली उभी करायची, आणि तिच्यापुढे ठेवायचं. शब्दांची गरजच नाही.

आरपार प्लास्टिकचं काम म्हणजे जिवाला घोर. गोंदाचा फराटा उठला की कायमचा, बोट लागलं की ठसा. सुती हातमोजे घालून, श्वास आवरून तो एकेक खुर्ची चिमट्याने बसवायचा. दुपारचं ऊन त्या पोकळ पोटातून पलीकडे टेबलावर उतरायचं, आणि योशिहारुला वाटायचं, आपणच आत चाललो आहोत, दोन्हीकडे माणसं बसली आहेत, पंखे गुरगुरताहेत, आणि खाली कुणीतरी पोरगेलासा माणूस हात हलवतो आहे. चहा गार व्हायचा, ऊन भिंतीवर जायचं.

शेवटी तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी अशी निळ्या गणवेशातली बाहुली त्याने चिमट्यात धरली. तेवढ्यात मित्सुए ह्युगानात्सु संत्र्याच्या फोडी घेऊन आली. आंबटगोड वासाने खोली भरली.

"ही कोण?"

"तू." त्याचे कान लाल झाले.

"आणि खिडकीशी काय करतेय?"

"हात... हलवतेय. मला. विमान निघताना."

मित्सुएने चष्मा लावला, मान तिरकी करून आत पाहिलं. "अहो, विमान निघताना मी खिडकीशी? आमच्या मोठ्या बाईंनी कान उपटला असता! मी ह्या इथे, दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर, पट्टा आवळून. इथे खिडकी आहे का, सांगा बरं?"

खिडकी नव्हती. आरपार दिसत होतं, नव्हतीच.

"पण पांढरा हातमोजा..."

"त्या काळी मियाझाकीला कोण यायचं? सगळी नवी जोडपी, मधुचंद्राला! प्रत्येक नवरीच्या हातात पांढरे मोजे." मग तिच्या लक्षात आलं आणि ती टेबल धरून हसत सुटली. "अगंबाई! तुम्ही दुसऱ्याच्या बायकोवर भाळलात होय?"

योशिहारुने चिमटा खाली ठेवला. तो हसला नाही. इतकी वर्षं आपण ज्याच्या आधारावर उभे होतो ते तिथे नव्हतंच, एवढंच त्याला कळत होतं.

"मग कँटीनमध्ये मी आभार मानले, तेव्हा तू हो का म्हणालीस?" त्याने विचारलं.

मित्सुएचं हसू ओसरलं. "तुम्ही येऊन म्हणालात, 'काल... आभारी आहे.' मला वाटलं, केलं असेल काहीतरी मी. म्हटलं, 'त्यात काय एवढं.' आणि पाठ वळवलीत तेव्हा तुम्हाला ओळखलं."

"पाठीवरून?"

"पाऊस असला की दार उघडायच्या आधी तुम्ही शिडीची वरची पायरी पुसायचात. स्वतःच्या गळ्यातल्या पंच्याने, गुडघ्यावर बसून. दाराच्या इवल्याशा काचेतून मला पाठच दिसायची. मी मनात म्हणायची, ह्या पाठीला तोंड असेल तर बघू एकदा कसं आहे." ती थांबली. "बरं निघालं."

मग मित्सुएने निळी बाहुली उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. "मला दाराशी बसवा. आणि त्या खिडकीत तिला."

योशिहारुने प्रवाशांतली एक बाई निवडली. गरम सुईने तिचा हात हळूच वर वळवला, बारीक कुंचल्याने पांढरा केला. चेहरा करायला दोन दिवस लागले. मित्सुए मधूनमधून डोकावून "माझ्यापेक्षा देखणी नको हं" म्हणून जायची. मग त्याने पोटाची दोन्ही अर्धुकं जुळवली आणि जोडावरून गोंद फिरवला. आता आत कुणाला हात लावता येणार नव्हता.

विमान उन्हात ठेवून दोघं शेजारी उभी राहिली. मित्सुए ते निघताना पहिल्यांदाच बाहेरून बघत होती. ती तिकडची नवरी आज कुठे असेल, असेल की नसेल, कोण जाणे. योशिहारुने नकळत हात वर केला. मग मित्सुएनेही केला.

"अहो, जरा जोरात हलवा," ती म्हणाली. "लांब आहे ती."